होडीतली चौथी जागा

श्रीहरी आगाशे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी जपानातल्या हिनोसे गावच्या मच्छीमार संघाच्या युवा शाखेचा अध्यक्ष होता. हसू नका, आधी बाकीचे सभासद बघा. उपाध्यक्ष इसाओ-सान, म्हणजे आपल्याकडचे इसाओराव, ऐंशीला टेकलेले, खजिनदार चिबा-सान त्यांच्याहूनही थोरले, आणि सल्लागार म्हणून श्रीहरीचे सासरे तोकुजी-सान, वय वर्षं ब्याऐंशी. युवा शाखा निघाली तेव्हा ही मंडळी खरोखरच युवा होती. पुढे नवीन कुणी आलंच नाही, त्यामुळे जुन्यांना म्हातारं व्हायला कुणी परवानगी दिली नाही. त्यांच्यात श्रीहरी म्हणजे पोरगाच की! इसाओ-सान त्याला अजून रस्ता ओलांडताना “गाडी बघ रे” म्हणून बजावत असत.

आता दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे पहिली विसराल. हा अध्यक्ष मासे खात नसे.

पुण्यात कर्वेनगरात वाढलेला हा मुलगा धातूंच्या अभ्यासासाठी सेंदाईच्या विद्यापीठात आला, तेव्हा त्याच्या आईने बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक शपथ घालून दिली होती. मेतकूट आणि पीठ दोन महिन्यांत संपलं, शपथ मात्र टिकली. सेंदाईत ग्रंथालयाच्या काउंटरवर किनुए कुमागाई नावाची मुलगी बसायची. श्रीहरी पुस्तकं उशिरा परत करायचा आणि ती वाकून, गोड आवाजात त्याची बिनपाण्याने करायची. असं वर्षभर बोलून घेतल्यावर माणसाने लग्नाचं विचारावं नाही तर काय करावं? दोघांचं लग्न झालं. पुढे त्याचं संशोधनाचं कंत्राट संपलं, आणि सेंदाईहून आगगाडी आणि मग बस असा अर्ध्या दिवसाचा प्रवास करून दोघं तिच्या माहेरी, हिनोसे नदीच्या मुखाशी, येऊन राहिले. त्याला आता चोवीस-पंचवीस वर्षं झाली.

तोकुजी-सानांची होड्या बांधायची शेड अगदी नदीला लागून होती. चार पिढ्यांची. एकुलती एक मुलगी, मुलगा नाही. त्यामुळे जावई येतोय म्हटल्यावर म्हाताऱ्याने शेड झाडून घेतली, पहिल्याच सकाळी श्रीहरीला आत नेलं आणि लाकूड तासायची वाकस त्याच्या हातात दिली. श्रीहरीने ती उलटी धरली. धातूशास्त्रातला डॉक्टर हो! पातं कोणत्या पोलादाचं आहे ते त्याने बरोबर ओळखलं, फक्त धार स्वतःच्या नडगीकडे ठेवली. तोकुजी-सानांनी वाकस काढून घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही. मग गावाने त्याच्याकडे कागदाची कामं सोपवली. संघाचा संगणक, परदेशी पाहुणे, इंग्रजी पत्रं, कचऱ्याच्या वर्गीकरणाचं वेळापत्रक, आणि असंच काय काय गळ्यात पडत गेलं.

तरीही वर्षातून काही दिवस श्रीहरीला होडीत बसावं लागे, कारण हिनोसेचं सॅमन पकडायचं तंत्रच तसं होतं. एका होडीने ते होत नाही, दोन लागतात. दोन सपाट बुडाच्या लाकडी होड्या, मध्ये जाळं, आणि प्रवाहाबरोबर दोघींनी एका चालीने खाली यायचं. जाळ्याला धक्का बसला की दोन्ही होड्या एकमेकींकडे वळवायच्या आणि बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं आवळायचं. एका होडीत मागे सुकाणूवर तोकुजी-सान, दुसऱ्या होडीत मागे चिबा-सान, पुढे इसाओ-सान. राहिली चौथी जागा, तोकुजी-सानांच्या पुढची. तिथे काम एवढंच की दोर धरायचा आणि “सोड!” म्हटल्यावर सोडायचा. श्रीहरी तो आधी तरी सोडायचा किंवा नंतर तरी. मग म्हातारा मागून जे बोलायचा ते किनारपट्टीच्या बोलीत असल्यामुळे त्याला निम्मंच कळायचं, आणि तेवढं पुरे व्हायचं.

किनुए काठावर असायची. होडीच्या पोटात एक देवी असते, ती स्त्री आहे, आणि दुसरी बाई होडीत चढलेली तिला खपत नाही, असं तिथले लोक मानतात. तेव्हा किनुएने जाळी विणायची, फाटली तर सांधायची, दोर गुंडाळायचे, परत आलेल्यांना गरम चहा द्यायचा. यात काही वावगं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं. श्रीहरीलाही नाही.

मग मासे यायचे थांबले. समुद्र तापला म्हणतात. एके काळी ज्या नदीत सॅमनच्या पाठी एकमेकींवर घासत वर चढायच्या, तिथे पूर्ण शरद ऋतूत हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे दिसू लागले. आणि बघा गंमत, मासे गेले तसा वारसा आला! नगरपालिकेने नदीकाठी काचेची भली थोरली इमारत बांधली, ‘हिनोसे सॅमन वारसा भवन’. आत जुने फोटो, जुनी जाळी, जुन्या म्हाताऱ्यांचे आवाज बटण दाबून ऐकायची सोय. उपाहारगृहात ‘हिनोसेचा वारसा’ नावाचा भात मिळे, त्यावरचा सॅमन चिली देशातून गोठवून येई. गावाचा एक शुभंकरही काढला, साकेमारु नावाचा गुबगुबीत मासा. मुलं त्याला मिठ्या मारायची. त्या पोशाखात आत कोण असेल? युवा शाखेचा अध्यक्ष! कर्वेनगरातल्या शाकाहारी घराण्याचा हा वंशज दर रविवारी सॅमनच्या पोटात शिरून लहान मुलांना हात हलवत असे. पुण्याला आईशी बोलताना तो याला ‘सांस्कृतिक काम’ म्हणायचा.

भवनाला मधोमध ठेवायला एक अस्सल होडी हवी होती, आणि इथे तोकुजी-सानांनी घोळ केला. म्हातारा कामात पक्का, पण स्तुतीला एकदम कच्चा. नगरपालिकेचा तेव्हाचा अधिकारी मोठा गोडबोल्या. त्याने शेडमध्ये येऊन म्हाताऱ्याला ‘महागुरू’ म्हटलं, महापौरांच्या हस्ते मानपत्र दिलं, भिंतभर फोटो लावतो म्हणाला. आणि दर शरदात होडी नदीवर न्यायला मिळेल, असा शब्द दिला. तोकुजी-सानांनी जोडीतली आपली होडी देऊन टाकली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या अधिकाऱ्याची बदली झाली. जपानात एप्रिलमध्ये अधिकारी बदलतात आणि शब्द त्यांच्याबरोबर सामानात बांधून जातात. नव्या जागी तो आता घनकचरा सांभाळतो असं ऐकलं.

इथपर्यंत कुणाचं फारसं बिघडलं नव्हतं. मासेच नव्हते, तर होडी काचेत राहिली काय आणि पाण्यात राहिली काय. पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये मत्स्य खात्याचा निरोप आला. नदीत सॅमन पकडायला जपानात कुणालाच मुभा नसते. हिनोसेला ती होती ती अंडी उबवण केंद्राला मासे पुरवण्यासाठी, जुन्या पद्धतीच्या जोडहोडीच्या जाळ्यासाठी, आणि जाळं खरोखर पडत असेल तोवरच. लागोपाठ दोन शरद जाळं पाण्याला लागलं नव्हतं. तिसऱ्यांदा नाही लागलं तर परवाना बंद. बंद म्हणजे कायमचा, पुन्हा अर्ज नाही. मासे किती मिळाले याच्याशी खात्याला देणंघेणं नव्हतं. दोन लाकडी होड्या आणि त्यांच्यामध्ये ओलं जाळं, एवढं त्यांच्या माणसाला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

तोकुजी-सान दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्या आजोबांनी जाळं टाकलं, बापाने टाकलं. ते माझ्या हातून बंद नाही व्हायचं. आगाशे, होडी आण.”

‘आण’ म्हणे! काय पिशवीत घालून आणायची? श्रीहरी भवनात गेला. नवे अधिकारी ओनोदेरा-सान हे तिशीतले, कडक इस्त्रीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी श्रीहरीला पांढरे हातमोजे घालायला दिले आणि मगच होडीजवळ नेलं.

“फक्त एक दिवस,” श्रीहरी म्हणाला. “सकाळी नेतो, संध्याकाळी आणून देतो.”

“पाण्यात?” ओनोदेरा-सान दचकले. “पण पाणी लागेल तिला.”

“अहो, होडी आहे ती.”

“होती,” ओनोदेरा-सान अतिशय नम्रपणे म्हणाले. “आता ती ‘संरक्षित वस्तू क्रमांक एक’ आहे. तिला ओलावा चालत नाही. आम्ही चोवीस तास हवा कोरडी ठेवतो.”

त्या कोरड्या हवेने काय केलंय ते बघायला किनुए सोबत आली होती. तिने हातमोजा काढला, दोन फळ्यांच्या मधल्या फटीत बोट घातलं आणि ते पेरापर्यंत आत गेलं. पाण्यात राहिली की लाकडी होडी फुगते आणि घट्ट राहते. कोरड्यात ठेवली की एकेक फळी सुटत जाते. मेलेल्या माणसालासुद्धा कुणी इतकं वाळवत नाही, असं ती परत येताना म्हणाली. तिचा आवाज कापत होता. श्रीहरीला वाटलं, वडिलांच्या काळजीने असेल.

श्रीहरीने मग सगळे उपाय करून पाहिले. विनंती केली, महापौरांना भेटला, बैठक मागितली. बैठकीत सगळ्यांनी त्याच्या भावनांचा आदर केला, चहा दिला, आणि पुढच्या बैठकीची तारीख ऑक्टोबर, म्हणजे जाळ्याचा हंगाम, उलटल्यावरची दिली. नवी होडी बांधावी तर अख्खा हिवाळा लागतो. घोडं तिथेच अडलं होतं.

आणि अशात ओनोदेरा-सानांच्या डोक्यात भवनाचा वर्धापनदिन आला. त्यांना त्यात ‘आंतरराष्ट्रीय’ काहीतरी हवं होतं. गावात आंतरराष्ट्रीय असा एकच माणूस. “आगाशे-सान, भारतात होडीचं काय करतात?”

श्रीहरी कर्वेनगरचा. होडीचं त्याला काय कपाळ ठाऊक! पण विचारल्यावर ‘माहीत नाही’ म्हणणं पुण्याच्या माणसाच्या जिभेला जमत नाही. तो म्हणाला, “नारळ फोडतात.”

ओनोदेरा-सान खूश झाले. सेंदाईच्या एका परदेशी किराणा दुकानातून नारळ मागवला गेला. श्रीहरीने आईला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कानाशी धरून हलव, पाणी वाजलं पाहिजे. आणि एका फटक्यात फोड हो, दोनदा मारायला लागलं तर चांगलं दिसत नाही. पण तुझा आणि होडीचा संबंध काय रे?” सांस्कृतिक काम आहे, असं त्याने सांगितलं.

समारंभाला महापौर, फीत, वाजंत्री, सगळा थाट. श्रीहरीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आमच्याकडे नारळ होडीवर फोडत नाहीत, पुढ्यात दगड ठेवतात आणि त्यावर फोडतात. ओनोदेरा-सानांनी आराखडा तपासला. आराखड्यात दगड नव्हता. शिवाय दगडाने गालिचा खराब झाला असता आणि फोटोत होडीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, आलं नसतं. तेव्हा नाळेवरच, हलकेच, नुसतं टेकवल्यासारखं करा, असं ठरलं. आता मला सांगा, हलकेच टेकवून नारळ कधी फुटलाय? श्रीहरीने दोनदा टेकवलं. काही नाही. महापौर हसले. फोटोवाला “पुन्हा एकदा” म्हणाला. श्रीहरीच्या डोक्यात आईचा आवाज घुमला, आणि नवी स्कूटर घेतल्यावर दारात फोडतात तसा त्याने हात वर नेऊन सणकून हाणला.

नारळ फुटला. पाणी महापौरांच्या बुटांवर गेलं. आणि महिनोन्‌महिने वाळवून पापडासारखी केलेली ती नाळेची फळी काडकन चिरली, थेट हातभर मागे.

काय सांगू तुम्हाला, वाजंत्रीसुद्धा थांबली. श्रीहरी कमरेत वाकला तो वरच येईना. त्याला वाटलं, संपलं सगळं. होडी तर मिळाली नाहीच, आता उरलेलीही आपणच मोडली. सासऱ्यांकडे बघायची हिंमत होईना. तोकुजी-सान मात्र चष्मा लावून पुढे झाले, चिरेत डोकावले, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, “अरेरे!” इतक्या आनंदाने ‘अरेरे’ म्हणणारा माणूस श्रीहरीने त्याआधी पाहिला नव्हता.

भवनाचा नियम होता, आणि तो ओनोदेरा-सानांनी स्वतः लिहिला होता: संरक्षित वस्तूला इजा झाली तर मूळ कारागिराकडूनच, मूळ पद्धतीने, ती पूर्ववत करून घ्यावी. आणि मूळ कारागीर हयात असलेली भवनात एकच वस्तू होती. होडी सन्मानाने, तीच फीत बांधलेल्या ट्रकमधून, शेडमध्ये परत आली.

“दुरुस्ती झाली की कळवा,” ओनोदेरा-सान म्हणाले.

“कळवतो की,” तोकुजी-सान म्हणाले. “पाण्यात घालून बघितली, गळत नाही अशी खात्री झाली, की लगेच.”

“पाण्यात?”

“मूळ पद्धत तीच आहे. नाहीतर तुम्ही दुसरा कारागीर बघा.”

दुसरा कारागीर म्हणजे तोकुजी-सानांचे दिवंगत वडील, ते शेडच्या मागच्या भिंतीवर चौकटीत होते, जावयाने घातलेल्या हारासकट. ओनोदेरा-सानांनी वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना, आणि शेवटी ‘चाचणी’ या नावाखाली एक दिवस मंजूर झाला. चाचणीच्या वेळी होडीत जाळं असू नये, असं कुणीच लिहिलं नव्हतं.

दुरुस्ती बाप-लेकीने केली. फटींमध्ये झाडाच्या सालीचे धागे ठोकून भरायचे असतात. तोकुजी-सानांचा हात आता थरथरे, म्हणून ते जागा दाखवायचे आणि हातोडी किनुएच्या हातात असायची. शेडमध्ये बाई चालते, तिथे देवीची हरकत नसते. देवीच्या हरकती कुठे असतात आणि कुठे नसतात हे गावाने सोयीनेच ठरवलेलं दिसतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी मत्स्य खात्याचा मोरी नावाचा तरुण माणूस काठावर येऊन उभा राहिला. दोन्ही होड्या पाण्यात. तोकुजी-सानांची होडी एक थेंबसुद्धा पाणी घेत नव्हती. जाळं चढवलं. ओनोदेरा-सान चकचकीत बूट घालून, भवनाच्या छायाचित्रकाराला घेऊन ‘चाचणी’ बघायला आले होते आणि जाळ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. तेवढ्यात इसाओ-सान धापा टाकत आले. चिबा-सान पर्सिमॉन काढायला झाडावर चढले होते. नव्वदला चार-पाचच वर्षं कमी असताना! खाली आले ते थेट रुग्णवाहिकेत. कमरेचं हाड गेलं होतं.

दुसऱ्या होडीचं सुकाणू रिकामं. तीन माणसांत जोडहोडी चालत नाही. मोरींना विचारावं तर ते साक्षीदार. ओनोदेरा-सान म्हणाले, त्यांच्या विम्यात नदी बसत नाही. श्रीहरीने भीत भीत विचारलं, “मी बसू का मागे?”

“नको!” तोकुजी-सान, इसाओ-सान, ओनोदेरा-सान आणि ज्याने त्याला कधी होडीत पाहिलंही नव्हतं तो मोरी, चौघं एका सुरात ओरडले. गावात इतक्या झटपट एकमत त्याआधी झालं नव्हतं.

मोरींनी घड्याळ बघितलं. आज जाळं पडलं नाही तर उद्या होडी परत काचेत. तोकुजी-सान पाण्याकडे बघत होते आणि एकदम ब्याऐंशीचे दिसत होते. एवढं करून, नारळ फोडून, होडी फोडून, शेवटी एका माणसासाठी अडावं?

किनुएने हातातला दोर खाली ठेवला. चालत गेली ती सरळ इसाओ-सानांच्या होडीत मागे चढली आणि सुकाणू धरून उभी राहिली.

“अहो!” ओनोदेरा-सान पुढे धावले. “असं नाही चालत. भवनात फलकच लावलाय ना आपण, स्त्रिया होडीत चढत नसत म्हणून. तीन भाषांत आहे. परंपरेत बसत नाही हे!”

“खाली उतर,” तोकुजी-सान म्हणाले. ओनोदेरा-सानांना नव्हे, किनुएला. “देवी कोपेल.”

“ओतोसान,” ती म्हणाली. तिकडे वडिलांना ओतोसान म्हणतात. “देवीच्या पेटीत केस कुणाचे घातलेत तुम्ही?”

होडी बांधताना कारागीर तिच्या लाकडात एक बारीकशी पेटी लपवतो. तीच देवीची जागा, आणि तिच्यात घरातल्या बाईच्या केसांची एक बट ठेवायची असते. त्याशिवाय होडीत जीव येत नाही असं मानतात.

“या दोन्ही होड्या तुम्ही बांधल्यात तेव्हा मी शाळेत जात होते,” किनुए म्हणाली. “आईने कातरी आणली आणि तुम्ही माझी वेणी धरून कापलीत. मी रडले होते. दोन्ही होड्यांत मीच आहे, ओतोसान. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहे. पाऊस असो, पूर असो. आता नुसती उभी राहिले तर कोण कोपणार आहे? मी?”

इसाओ-सान पहिल्यांदा हसले. मग कसलाही ठराव न मांडता आपल्या जागी, तिच्या पुढे, जाऊन बसले. तोकुजी-सान आपल्या होडीत चढले. श्रीहरीही आपला चढला. ओनोदेरा-सानांनी छायाचित्रकाराला कॅमेरा खाली ठेवायला सांगितलं.

होड्या सुटल्या. जाळ्याच्या दोन टोकांना दोन होड्या, आणि श्रीहरी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोला पाण्यावर बघत होता. ती ओरडत नव्हती. खळखळाटाजवळ प्रवाह डावीकडे ओढतो तिथे तोकुजी-सान दर वेळी शिव्या देत जोर लावायचे. ती ओढ लागायच्या आधीच किंचित वळली, आणि तिच्या होडीची चाल बापाच्या होडीशी तसूभरही चुकली नाही. म्हातारा पुढे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला. जाळ्याला धक्का बसला तो त्याला कळलाच नाही.

“सोड!” पलीकडून किनुए ओरडली, आणि श्रीहरीने दोर सोडला. अगदी बरोबर वेळेला! तिची बोली त्याला पूर्ण कळत होती.

जाळ्यात एकच सॅमन होता. नर. त्याला अंडी नसतात, म्हणजे उबवण केंद्राच्या लेखी फुकटच. पण मोरींनी ओलं जाळं पाहिलं, दोन होड्या पाहिल्या, मान डोलावली आणि म्हणाले, “झालं. परवाना चालू राहील.” बस्स, एवढंच? एवढ्यासाठी सगळा जीव टांगणीला लागला होता. इसाओ-सान वाळूवर फतकल मारून रडायला लागले.

तोकुजी-सान होडीतून उतरले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि किनुएकडे बघत विचारलं, “हे कुठे शिकलीस तू?”

“इथेच. काठावरून. तुम्ही होडीतून मासे बघत होतात, मी तुमचे हात बघत होते.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?” आता तिचा आवाज चढला. “मुलगा नाही, मुलगा नाही म्हणत राहिलात, आणि मी समोर दोर गुंडाळत उभी. मग सेंदाईला निघून गेले. पुस्तकांवर शिक्के मारले. तिथून परत आले ती या माणसाला घेऊन, आणि तुम्ही वाकस दिलीत ती याच्या हातात! मासे न खाणारा चालला तुम्हाला, समुद्रापलीकडचा चालला. मी नाही चालले.”

श्रीहरी गुडघाभर पाण्यात उभा होता. नदीकाठी वाढलेली मुलगी सेंदाईला ग्रंथालयात का बसली होती, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ती आयती तिथे होती, त्याला पुस्तकं उशिरा द्यायला बरी पडली, एवढंच. त्याला भयंकर लाज वाटली आणि तो तिच्याकडे बघू शकला नाही.

तोकुजी-सानांनी टोपी हातात फिरवली. त्या माणसाने जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. शेवटी खाकरून म्हणाले, “चिबा काही लवकर उठत नाही आता. किनुए, यापुढे त्याच्या जागेवर तू येशील का?”

“नाही,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

“चिबा-सानांच्या नाही. तुमच्या जागेवर येईन.”

तोकुजी-सानांनी आपल्या हाताखालच्या सुकाणूकडे बघितलं. बापाने आपल्या जुन्या होडीवरून काढून त्यांच्या हातात दिलं तेव्हापासून ते दुसऱ्या कुणी धरलं नव्हतं. मग ते उठले, फळीचा आधार घेत एकेक पाऊल पुढे सरकले, आणि चौथ्या जागेवर जाऊन बसले.

“आगाशे,” तिथून त्यांनी हाक मारली, “तो दोर इकडे दे.”